मुकं केलेलं चित्र

ज्या दिवशी नगरपालिकेची वेबसाइट गप्प झाली, त्या दिवशी लल्ला तौदाने आम्हा सगळ्यांना चहा पाजला. पुदिन्याचा, दात किडतील इतक्या साखरेचा. मीही दोन पेले प्यायलो. पुढे काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कळलं असतं, तर तो पेला मी भिंतीवर फोडला असता.

मी बास्सू, तलमासीनचा बर्राह. म्हणजे दवंडी देणारा. होतो, असं म्हणायला हवं. कुणाचं मरण, कुणाचं लग्न, हरवलेली शेळी, नदीचा पूर, सगळं गावाला माझ्या तोंडून कळायचं. मग नगरपालिकेने वेबसाइट काढली आणि तिथल्या साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बास्सूकाका, आता घशाला आराम द्या." घशाला आराम, म्हणजे पोटालाही. तेव्हा तौदाने मला बोलावून घेतलं. ती चालवते त्या आंधळ्यांच्या संस्थेची खोली उघडायची, झाडायची, चहा करायचा. मी येताजाता तिला टोमणे मारायचो, "सगळ्या गावाला माझं तोंड बंद करता आलं नाही पोरी, तुझ्या त्या डब्याने केलं." ती म्हणायची, "बंद कुठे झालंय काका? सकाळपासून तर चालू आहे."

तौदा पाच वर्षांची असताना गोवराने तिचे डोळे नेले. आईने तिला लोकांच्या नजरेपासून लपवून वाढवलं, शेजारणी आल्या की आतल्या खोलीत. शेवटी एका मामाने भांडून तिला शहरातल्या अंधशाळेत घातलं. तिथून ती परतली ती दोन गोष्टी घेऊन. एक म्हणजे कॉम्प्युटर. दुसरी म्हणजे जिभेची धार. रस्ता ओलांडताना न विचारता कुणी दंड धरला, की ती तिथेच उभी राहून विचारायची, "मला कुठे नेताय? तुमच्या घरी? जेवण तयार आहे का?" दंड धरणारा पळून जायचा.

तिच्या कॉम्प्युटरचा पडदा नेहमी काळा असायचा. "तो कशाला जाळायचा? मला काय त्याचा उपयोग?" ती बटणं दाबायची आणि यंत्रातून एक आवाज जे जे पडद्यावर असेल ते वाचत सुटायचा, इतका भरभर की मला वाटायचं कढईत मका फुटतोय. तिला मात्र शब्द न् शब्द कळायचा. हेच ती शिकवायची. आमच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बायका यायच्या, मशिदीत कुराण म्हणणारे यायचे, थोडं थोडं दिसणारी एक मुलगी यायची. आणि सी मिमून यायचा; आमच्याकडे मानाने पुरुषाला सी म्हणतात, बाईला लल्ला.

सी मिमूनने उभं आयुष्य घाटात बस चालवली. साखरेच्या आजाराने साठीत त्याची नजर गेली तेव्हा तो म्हणाला होता, "बरं झालं, वळणं पाठ आहेत." बायको आधीच गेलेली. गावाच्या अगदी टोकाला, नदीच्या काठावर तो एकटा राहायचा. आमच्या नदीला आम्ही नुसतं असीफ म्हणतो, म्हणजे नदीच. वर्षाचे दहा महिने ती कोरडी असते. पात्रात माणसं चालतात, गाढवं चालतात. मध्ये मातीचा एक उंचवटा आहे, तिथे मिमूनचा पुदिना. रोज दुपारी काठीने दगड चाचपत तो पात्रात उतरायचा, पुदिन्याला पाणी घालायचा, जुडी खुडून वर यायचा. आमच्या चहातला पुदिना त्याचाच.

पण असीफचा भरवसा कुणी धरत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, ती झोपत नाही, नुसते डोळे मिटून पडते. वर डोंगरात पाऊस होतो, इथे आकाश कोरडं ठणठणीत, आणि पाणी येतं ते घोड्यावर बसून. माझ्या लहानपणी तिने एक अख्खी वरात नेली होती. नवरीची पेटी तेवढी खालच्या गावाला सापडली.

म्हणूनच मिमूनची मुलगी हेन्नू वसंतात मेकनेस शहरातून आली ती त्याला घेऊन जायलाच. आमच्या खोलीत उभी राहून भांडली. मिमून एका शब्दाने बधेना. "मेकनेसात मी काय करू? तुझ्या चौथ्या मजल्यावर बसून जिने मोजू?"

शेवटी हेन्नू तौदाकडे वळली. "लल्ला, तुम्हीच समजवा. उद्या नदी आली तर यांना कोण सांगणार?"

"फोन सांगेल," तौदा म्हणाली. "वर डोंगरातून खबर आली की नगरपालिका वेबसाइटवर टाकते. सी मिमून खाली उतरण्याआधी रोज ती ऐकतात. मागच्या वर्षी दोनदा सूचना आली, दोन्ही वेळा हे घरात थांबले. विचारा त्यांना."

"थांबलो ना! आणि या बास्सूच्या बोंबलण्याशिवाय थांबलो," मिमून छाती पुढे काढून म्हणाला.

"हा माझा शब्द," तौदा म्हणाली.

हेन्नूने एकदा बापाकडे, एकदा तौदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्या शब्दावर ठेवून जाते." तिने बापाच्या डोक्याचा मुका घेतला आणि गेली. मला तेव्हाच कसंतरी झालं. शब्द देणं म्हणजे मेंढी देणं नव्हे, एक मेली तर दुसरी आणता येत नाही. पण त्या दोघांचे चेहरे असे खुलले होते की मी तोंड मिटून चहा ओतला.

मिमून खरोखर बदलला होता. आधी फोनला शिव्या घालायचा, आता त्याला "माझी दुसरी बायको" म्हणायचा. "फरक इतकाच की हिला गप्प करता येतं." शेजारचे लोक पूर्वी त्याचं दार ठोठावून सांगायचे, आज वारा आहे, आज ढग आहेत. त्याला ते आवडेनासं झालं. "डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. मला फोन आहे." दोनचारदा असं तोंडावर ऐकल्यावर शेजाऱ्यांनी ठोठावणं सोडलं. त्यांचंही खरंच होतं म्हणा, अपमान करून घ्यायला कोण रोज जाणार?

आता ती वेबसाइट गप्प कशी झाली ते सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

नगरपालिकेत झुहैर नावाचा तरुण वेबसाइट सांभाळायचा. सरळ, कष्टाळू, थोडा घाबरट. तौदाने पहिल्याच वर्षी त्याला सांगितलं होतं की चित्र टाकलंस तर त्याच्यामागे दोन शब्द लिहून ठेव. डोळसाला ते दिसत नाहीत, पण आमचा आवाज ते वाचतो. झुहैरने इतक्या मनापासून ऐकलं की सगळ्यांना वीट आला. कारण आमच्या नगरपालिकेला शुभेच्छांची खोड. रमजान आला, चित्र. ईद आली, चित्र. शाळा उघडल्या, खजूर पिकले, नवीन दिवा लागला, की वेबसाइटच्या डोक्यावर भलंमोठं चित्र, आणि त्यात अध्यक्ष. मिमून फोन उघडायचा आणि आवाज सुरू व्हायचा: "अध्यक्ष हसत आहेत. त्यांच्या मागे खजुराची झाडं. खाली सोनेरी अक्षरांत मंगल कामना." दुसरं पान उघडलं, पुन्हा अध्यक्ष हसत आहेत.

"लल्ला, या माणसाचे दात माझ्या कानात शिरलेत," मिमून ओरडायचा. "काहीतरी कर."

तिने झुहैरला बोलावलं. मी तिथेच पेले धूत होतो, म्हणून शब्द न् शब्द आठवतो.

"सजावटीचं चित्र असेल तर मागची जागा रिकामी ठेवायची, झुहैर. मग आवाज ते ओलांडून पुढे जातो. आम्हाला ते आहे हेही कळत नाही."

"प्रत्येक वेळी लक्षात राहील का माझ्या, लल्ला?"

"मग ती जागाच मुकी करून टाक. डोक्यावर कुठलंही चित्र येऊ दे, मागे काही लिहिलंच जाणार नाही असं बसव."

झुहैर घुटमळला. "आणि तिथे कधी महत्त्वाचं काही आलं तर?"

तौदा हसली. "तिथे महत्त्वाचं काय येणार? अध्यक्षांचा नवा दात?"

खोलीभर हशा झाला. मीही हसलो. झुहैरने त्याच आठवड्यात ते काम केलं. मिमूनने फोन उघडला, कान देऊन ऐकलं, आणि म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह. मेला." त्याच दिवशी तो चहा.

तेव्हापासून वेबसाइट इतकी गुळगुळीत वाचली जायची की तौदा शहरातल्या मैत्रिणींना ती फोनवरून ऐकवायची. मला का कोण जाणे, ती शांतता आवडली नाही. दवंडी देणाऱ्याचं आयुष्य आवाजात जातं, त्याला गप्प गोष्टींचा संशय येतो. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "काका, तुम्हाला नोकरी गेल्याचं दुःख आहे." असेलही.

उन्हाळा संपता संपता तो शुक्रवार आला. घरोघरी कुसकुस शिजला होता आणि गाव जेवून सुस्तावलं होतं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. पण उत्तरेकडून वारा येत होता आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. आमच्या गल्लीतली कुत्री उगीच उठून जागा बदलत होती. मला अस्वस्थ वाटत होतं. मी ते जेवणावर ढकललं आणि खोलीकडे गेलो.

तौदा आधीच येऊन बसली होती. ती थोडं दिसणारी मुलगी सकाळी येऊन गेली होती आणि पडदा चालूच ठेवून गेली होती, नाहीतर तो काळाच असता. मी चहाचं तबक ठेवायला वाकलो आणि समोर लाल रंग दिसला. पडदाभर लाल, त्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं. सवय ती सवय. मी मोठ्याने वाचलं.

"डोंगरात अतिवृष्टी. असीफला पूर येत आहे. नदीच्या पात्रात कुणीही उतरू नये."

"हे काय वाचताय, काका?"

"तुझ्यासमोर आहे ते."

"माझ्यासमोर काही नाही." तिने बटण दाबलं. आवाज फुटला: मुखपृष्ठ, बातम्या, दाखले, संपर्क. तिने पुन्हा दाबलं. मुखपृष्ठ, बातम्या, दाखले, संपर्क. "ऐका. कुठे आहे?"

"अगं वर, डोक्यावर. हा एवढा मोठा लाल..."

"चित्र आहे?"

"हो, चित्र."

माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त कसं उतरतं ते मी त्या दिवशी पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "किती वाजले?" मी सांगितलं. मिमूनच्या पुदिन्याची वेळ होती.

नंतर कळलं ते असं. वरच्या गावांतून दुपारच्या नमाजाआधी खबर आली. मोठ्या साहेबाने झुहैरला फर्मावलं, नुसतं लिहू नकोस, नजरेत भरेल असं मोठं टाक. बिचाऱ्याने सर्वांत मोठ्या जागेवर टाकलं. तेच चित्र लोकांच्या फोनवरही पाठवलं. माझ्याकडे तसा फोन नाही, पण गावाने पाहिलं, गुरं वर आणली, पोरांना घरात घेतलं. मिमूनच्या फोनने त्याला सांगितलं, "एक चित्र आलं आहे." शुक्रवारी त्याला फुलांची आणि दुआंची वीस चित्रं येतात. त्याने ते सोडून दिलं आणि वेबसाइट ऐकली.

आमच्या खोलीच्या मागच्या दारातून नदी दिसते. मी तौदाला तिथे आणलं. न विचारता दंड धरून आणलं, ती काही बोलली नाही. फोन तिच्या कानाला होता. खाली पात्राच्या मधोमध, उंचवट्यावर, मिमूनचा पांढरा झगा दिसत होता. तो ओणवा होऊन पुदिना खुडत होता. मी हाक मारली. जिवाच्या आकांताने मारली. वारा माझ्याकडे येत होता, माझा आवाज मलाच परत मिळाला.

त्याने फोन उचलला. तौदाने आवाज मोठा केला होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"सी मिमून, वर या. आत्ता. पूर येतोय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. टाका तो पुदिना आणि निघा."

तो हसला. "तूही लागलीस का शेजाऱ्यांच्या नादाला? अगं, आत्ता ऐकून आलोय. दोनदा ऐकलं. काही नाही तिथे."

"आहे तिथे."

"लल्ला, मी ऐकलं ना. तूच शिकवलंस. लोक घाबरवतील, घाबरायचं नाही, आधी स्वतः ऐकायचं. मी ऐकलं."

तेवढ्यात वरच्या वळणाकडून गुरगुर आली. घाटात खूप बसेस एकदम चढताना येते तशी. मिमून मान वर करून थांबलेला मला दिसला.

तौदा ओरडली. तिला ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. "चित्र आहे, सी मिमून! सूचना चित्रात आहे. आणि ते चित्र मी मुकं केलंय. मी! झुहैरला मी सांगितलं होतं. तुमचा फोन तुम्हाला ते सांगूच शकत नाही. तुम्ही बरोबर ऐकलंत, मीच चुकले. या हो वर!"

मग त्याचा आवाज आला, शांत, तक्रारीचा लवलेश नसलेला. "बरं. तू म्हणतेस तर येतो."

तो निघाला. जुडी बगलेत तशीच, काठी पुढे. त्याची नेहमीची दगडांची वाट त्याला पाठ होती, पण तो गोंगाट दोन्ही कड्यांवर आपटून चहूकडून येत होता आणि त्याचा अंदाज चुकला. मी तौदाला सांगत होतो, डावीकडे, डावीकडे म्हण. ती त्याला सांगत होती, डावीकडे. तो डावीकडे वळला, अगदी आज्ञाधारक पोरासारखा. त्याला दगड सापडला. दुसरा सापडला. काठ इतका जवळ आला होता की मी उताराने खाली धावत सुटलो.

पाणी वळणावरून आलं तेव्हा ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. चिखल, झाडं, कुणाचं तरी दार. मी उताराच्या मध्यावर होतो. त्याने तोंड माझ्या दिशेला केलं होतं. मग तिथे कुणी नव्हतं.

वर तौदा अजून बोलत होती. "डावीकडे, सी मिमून. अजून थोडं डावीकडे." मला वर चढून तिला सांगावं लागलं. आयुष्यभर मी मरणाच्या बातम्या दिल्या, एकही अशी जड गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या खजुरांत सापडला. त्याला पुरून आलो. दुखवट्याला सगळं गाव लोटलं. नगरपालिकेचे साहेब आले, दोन्ही हात पसरून म्हणाले, "सूचना दिलेली होती. सगळ्यांनी पाहिली." पाहिली! आंधळ्याच्या दारात बसून हा माणूस पाहिली म्हणतो, आणि वर त्याला कुसकुस वाढला जातो. माझ्या हातात चहाची किटली होती, ती त्याच्या डोक्यावर पडली नाही ही अल्लाची कृपा, त्याच्यावर आणि माझ्यावरही.

झुहैर दाराबाहेरच उभा होता. आत यायची त्याची छाती होईना. मिमूनचा एक पुतण्या बाह्या सरसावून उठला, "हाच तो. यानेच ते चित्र..."

"बस खाली," तौदा म्हणाली. ती बायकांमधून उठून भिंत चाचपत दारापर्यंत आली. "याने मी सांगितलं तेच केलं. महत्त्वाचं आलं तर काय, हे त्याने विचारलंही होतं. मी हसले. त्याला आत घ्या आणि जेवायला वाढा."

पुतण्या बसला. झुहैर आत येऊन तौदाच्या हाताचा मुका घेऊन रडायला लागला. तिच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. मला ते रडण्याहून भीतीदायक वाटलं.

हेन्नू आतल्या खोलीत बसली होती. मेकनेसहून आल्यापासून ती तौदाशी एक शब्दही बोलली नव्हती. तौदा तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसली. मी चहा घेऊन गेलो होतो, मला निघताही येईना आणि थांबताही येईना.

"शेवटी तुम्ही त्यांच्याशी बोलत होतात म्हणे," हेन्नू म्हणाली.

"हो."

"काय म्हणाले?"

तौदाने काही लपवलं नाही. तो हसला तेही सांगितलं, वाद घातला तेही, दोनदा ऐकलं म्हणाला तेही. "मी म्हटलं, चूक माझी आहे, वर या. ते म्हणाले, तू म्हणतेस तर येतो. आणि निघाले. मी डावीकडे म्हटलं, ते डावीकडे वळले. त्यांनी माझं ऐकलं, हेन्नू. उशीर मी केला."

हेन्नूने डोक्यावरचा पांढरा रुमाल सारखा केला. ती रागावली नाही, ओरडली नाही. तिने तौदाकडे पाहिलं आणि साध्या, थकलेल्या आवाजात म्हणाली, "तुमचं ते नेहमीच ऐकायचे, लल्ला. ऐकायचे नाहीत ते माझं."